जांभळी नळी आणि बावदेवीचा श्वास

अमावास्येच्या सकाळी चिखलपाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. घिवलीकडून बैलगाड्या आल्या होत्या, उमरोळी स्टेशनवर उतरून लोक चिखल तुडवत आले होते, आणि शिरगावच्या बायका तर पहाटेपासून ओटीचं सामान घेऊन रांगेत बसल्या होत्या. होड्या वर ओढलेल्या, जाळी माळ्यावर टाकलेली. पावसाळ्यात दर्यावरच्या माणसांना वेळच वेळ असतो, त्यामुळे चमत्काराच्या धंद्याला हा हंगाम फार चांगला.

सगळे पाहत होते ते एका विहिरीकडे. इकडे विहिरीला बाव म्हणतात. खाडीपासून दोनशे पावलांवर, वाडवळांच्या केळीच्या वाडीला लागून ही जुनी, ऐसपैस बाव होती. पाण्यात कचरा पडायचा म्हणून गावाने चार वर्षांपूर्वी तिच्यावर सिमेंटची लादी टाकली आणि मधोमध हातपंप बसवला. पंप यथावकाश मोडला, पाण्यात सोडलेली नळी काढून नेली. लादीतून वर आलेला लोखंडी पाइप तेवढा राहिला, आणि तो पाइप श्वास घेत होता.

खरंच घेत होता. मी स्वतः गाल लावून पाहिला. आतून गार, ओलसर वारा येत होता, एकसारखा, कोणीतरी गाढ झोपल्यासारखा. मी विज्ञानाचा मास्तर. चमत्कार म्हटला की आधी हसायचं, अशी माझी सवय. त्या दिवशी हसू जरा उशिराच आलं.

पाइपाजवळ व्याघ्रचर्मावर प्राणनाथबाबा बसले होते. व्याघ्रचर्म कापडी होतं आणि वाघाचे पट्टे एका कोपऱ्यात पुसट झाले होते, पण बाबांचा आवाज पुसट नव्हता.

"प्राण, अपान, व्यान, उदान, समान!" बाबा गरजले. "पंचप्राण पाताळात कोंडले होते, ते या नळीवाटे प्रकट झाले! बावदेवी आई जागी झाली! प्रश्न विचारा, कापूस ठेवा. आईने आत ओढला तर होकार, बाहेर टाकला तर नकार. एवढं सरळ उत्तर कलियुगात कुठल्या कचेरीत मिळतं का, सांगा!"

यातलं शेवटचं वाक्य मात्र सोळा आणे खरं होतं.

बाबांची एक शिस्त होती. कोणी कधीही यायचं नाही. आदल्या दिवशी नाव सांगायचं, मग बाबा पंचांग उघडून, बोटं मोजून वेळ देणार. "तुम्ही उद्या नऊला. तुम्ही तिसऱ्या प्रहरी." दिलेली वेळ चुकली तर आई कोपणार. लोकांना ही शिस्त फार आवडली होती. आमच्या शाळेची घंटा जे पाळत नव्हते, ते बाबांची वेळ मिनिटावर पाळत होते.

नऊ वाजता रंभाबाईची पाळी आली. रंभाबाई विधवा, डोईवर टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी. तिची कमळी त्या वर्षी आमच्या शाळेत दहावीला पहिली आली होती. पालघरच्या कॉलेजात तिला अकरावी सायन्सला जागा मिळत होती. अर्ज घेण्याची शेवटची मुदत पुढच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत. मी तीन वेळा रंभाबाईच्या घरी जाऊन आलो होतो आणि ती जवळजवळ तयार झाली होती. पण होडीवाल्या बळवंत नाखव्याला कमळी सून म्हणून हवी होती, आणि त्याच्या बायकोने, नाखवीणबाईनेच, रंभाबाईला सुचवलं होतं, "आईला इचार तरी एकदा."

रंभाबाईने पाइपाच्या तोंडावर कापसाचा पुंजका ठेवला, हात जोडले. "आई, माजी पोर हुशार हाय. तिला सायन्सला घालू का?"

कापूस फुर्रकन उडाला आणि तिच्याच पदराला येऊन चिकटला.

"नकार!" बाबा म्हणाले. "आई स्पष्ट बोलली."

त्याच दिवशी दुपारी तीनला बळवंत नाखव्याची वेळ होती. त्याने विचारलं, "कमळी माज्या घरात येल का?" कापूस पाइपात गडप झाला. गर्दीने जयजयकार केला. बळवंतने आदल्या संध्याकाळी सुक्या बोंबलांचं एक भलं मोठं गाठोडं बाबांच्या झोपडीत पोचवलं होतं, हे मला नंतर कळलं. बाबांचा उपवास कडक होता, पण बोंबील त्यात चालत होते.

संध्याकाळी मी रंभाबाईकडे गेलो. ती चुलीपुढे बसली होती.

"आई नाय बोलली, मास्तर," ती म्हणाली. "मी अडाणी. तुमचं आयकू का आईचं?"

कमळी रडत नव्हती. तिने अकरावीची जुनी पुस्तकं कुठून तरी मिळवून त्यांना खाकी कव्हरं घातली होती. ती कव्हरं आता एकेक करून काढून ठेवत होती. मला ते बघवेना. मला राग आला, आणि राग आला की मी प्रयोग करतो. दुसरं काही मला येत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एक दाबमापक होता. नाव मोठं, वस्तू साधी. दवाखान्यातून मागून आणलेली सलाइनची पारदर्शक नळी, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर ठोकलेली, मागे आलेखाचा कागद, आत परमँगनेट घालून जांभळं केलेलं पाणी. एका टोकाला गोबरगॅसचा पिंप जोडला की जांभळं पाणी एका बाजूने उतरतं, दुसऱ्या बाजूने चढतं, आणि किती बोटं चढलं त्यावरून आतल्या वायूचा दाब कळतो. आत वायू कमी पडून ओढ लागली तर पाणी उलटं जातं. तोंडाने फुंकून कोण जास्त चढवतो याची पैज नववीच्या वर्गात रोज लागायची. तिथे ठकी नावाची डोंगरपाड्यावरची किडकिडीत मुलगी सगळ्या पोरांना हरवायची.

ही जांभळी नळी काखेत मारून मी रविवारी बाबांपुढे उभा राहिलो. वाटलं होतं, हाकलून देतील. पण बाबा खूश झाले.

"लावा, लावा! मास्तरांचं यंत्रसुद्धा आईपुढे डोकं टेकील!"

सोमवारी सकाळी पाइपात बूच बसवलं, बुचातून नळी जोडली. क्षणभर काही नाही. मग जांभळं पाणी हळूहळू एका बाजूने चढू लागलं. एक बोट, दोन बोटं, तीन.

"आई यंत्रात आली!" कोणीतरी ओरडलं. बायका पुढे धावल्या. दहा मिनिटांत माझ्या दाबमापकाला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला आणि पुढ्यात नारळ फुटला. मी चमत्काराचं पितळ उघडं पाडायला गेलो होतो आणि त्याला नवी मूर्ती देऊन आलो. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

एक गोष्ट मात्र पथ्यावर पडली. देवीच्या यंत्राची सेवा करायला कोणाची ना असणार? ठकी आणि नववीच्या आणखी तीन मुली सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत पाळीपाळीने बसल्या. दर पाव तासाला थोडा वेळ बूच लावायचं, पाणी कुठल्या बाजूला किती बोटं गेलं ते लिहायचं, बूच काढायचं. बाबा भक्तांना सांगत, "बघा, आईचे श्वास मोजले जातायत!"

सोमवारचे आकडे पाहून मी टाळी वाजवली. सकाळी पावणेनऊपर्यंत बाव हवा ओढत होती. मग फुंकू लागली ती दुपारी तीनपर्यंत. तीननंतर पुन्हा ओढ. अरे, हे तर सोपं! ऊन तापलं की आतली हवा फुगते आणि बाहेर येते. ऊन उतरलं की आकसते. मंगळवारी मी लादीवर उभा राहून गावाला भाषण दिलं. उष्णतेने वायू प्रसरण पावतो, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य मी इतक्या थाटात म्हटलं की शेवटी मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. "गुरुवारी दहा वाजता या," मी म्हणालो. "ऊन असेल तर कापूस उडणारच!"

गुरुवारी आभाळ निरभ्र होतं. ऊन असं की लादीवर पाय ठेववेना. दहा वाजले, मी कापूस ठेवला, आणि बावदेवीने तो सप्पकन आत ओढला. पुन्हा ठेवला, पुन्हा ओढला. अकरापर्यंत ती ओढतच होती. आणि संध्याकाळी चारला ढग आले, गार वारा सुटला, तेव्हा बाईसाहेब खुशाल फुंकत बसल्या होत्या.

"आईवर पुस्तकं चालत नाहीत, मास्तर," बाबा इतक्या प्रेमाने म्हणाले की हसणाऱ्यांमध्ये माझे विद्यार्थीही होते. त्यांना दोष कसा देऊ? मी चुकलोच होतो. मला उत्तर आधीच ठाऊक होतं, आकडे मी फक्त त्याच्या सोयीचे निवडले होते. बाबा तरी दुसरं काय करत होते?

शुक्रवारी मी ते आकडे आलेखावर मांडून वर्गाच्या भिंतीवर लावले. एका दिवसाची एक पट्टी, एकीखाली एक. मधली आडवी रेघ म्हणजे श्वास बंद. रेघेच्या वर फुंकणं, खाली ओढणं. मी त्यांच्याकडे पाहत बसलो आणि मला काही म्हणता काही दिसेना.

तेवढ्यात दारात रंभाबाई उभी. बाजारातून परतताना आली होती, रिकामी टोपली काखेत.

"कमळीचा दाखला पायजे, मास्तर," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "नाखवा म्हनतो, साखरपुड्याआदी पोरीचं नाव शाळेतनं काडून आन."

मी कपाटाकडे वळलो. माझ्या हाताला किल्ली सापडेना. मागून तिचा आवाज आला.

"ही काय भरती काडलीय?"

"कुठली भरती?"

"ही, भितीवरची. आपल्या खाडीचीच हाय ना?" तिने बोट पहिल्या पट्टीवर ठेवलं. "हा कुठला वार?"

"सोमवार."

"सोमवारी तीज. ही मधली रेघ कसली?"

"तिथे बावेचा श्वास थांबतो."

"बावेचा?" तिने माझ्याकडे पाहिलं, पण बोट पट्टीवरून हललं नाही. "तिजेला भरती पुरी व्हते दोनच्या वर. तुमची बाव तीनला थांबलीय. दोन घटका, म्हंजे पाऊन तास उशीर. मंगळवारी चौथ, भरती तीनला." बोट खालच्या पट्टीवर गेलं. "तुमची पावनेचारला. रोज पाऊन तास पुडं सरकते, बगा. आनि फुगवटा लहान व्हत चाललाय. अवसेचं उधाण उतरलं, भांगाची बारकी भरती लागली. मास्तर, ही भरती-सुकतीच हाय. तुमी बावेची म्हंता?"

सुकती म्हणजे ओहोटी, एवढंच मला ठाऊक होतं. मी मूळचा जतचा. आमच्या जतला पाणी चढतही नाही आणि उतरतही नाही, ते नसतंच. सहा वर्षं खाडीकाठी राहून भरती माझ्या डोक्यात आली नव्हती. पण माझं सोडा. वर्गातली निम्मी पोरं होडीत वाढलेली. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ. मग त्यांना का नाही कळलं? कारण भरती ही घरची गोष्ट, आणि आलेख ही शाळेची. या दोन गोष्टी कधी भेटू शकतात, हे आम्ही मास्तरांनीच त्यांना शिकवलं नव्हतं. आणि गावात म्हणच आहे, गोड्या पाण्याला भरती नसते. दर्यावर जन्म काढलेल्या माणसांनी त्या म्हणीपायी बावेकडे दर्याच्या नजरेने कधी पाहिलंच नाही.

"रंभाबाई," मी विचारलं, "त्या बावेचं पाणी चढतं-उतरतं का?"

"गोडी बाव ती. कशाला चढंल?" ती सवयीने म्हणाली आणि मग तिने टोपली खाली ठेवली. "थांबा. लादी टाकायच्या आदी सकाळचा दोर पुरायचा नि सांजचा नाय पुरायचा. आमी म्हनायचो, वाडवळांनी पानी उपसलं. शिव्या द्यायचो त्यांना."

आम्ही तसेच बावेवर गेलो. बाबा जेवून घोरत होते. दोरीला दगड बांधून पाइपातून तळापर्यंत सोडला, दोरी जिथवर भिजली तिथे गाठ मारली. साडेचारला पुन्हा सोडला. पाणी जवळजवळ हातभर चढलं होतं.

रंभाबाई बराच वेळ ती गाठ चाचपत राहिली.

"मना त्याने सकाळची येळ दिली," ती सावकाश म्हणाली. "अवसेला, भरतीची. नि बळवंतला दुपारची, सुकतीची." तिचा चेहरा लाल झाला. "मी उभा जल्म भरती बगून कालवं काडली, मास्तर. नि मलाच भरतीने फसवला."

दाखला तिने नाखव्यासाठी नेला नाही.

शनिवार. आठम. सकाळी साडेआठला लादीभोवती नेहमीची गर्दी. रंभाबाई आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, बरोबर कमळी, हातात कागदांची पिशवी. साडेनऊची एसटी चुकली असती तर पालघर बाराच्या आत गाठणं शक्य नव्हतं.

"तुझी आज वेळ नाही, बाई," बाबा पंचांगातून डोकं वर न काढता म्हणाले.

"आईला सवड हाय का ते आई सांगंल." तिने पाइपावर कापूस ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आई, हा बाबा लबाड हाय का?"

कापूस आत गेला.

पुढच्या बायका पाइपात डोकावायला वाकल्या. बाबांनी तोंड उघडलं, पण रंभाबाईने दुसरा पुंजका ठेवलाही होता. "आई, हा बाबा लई खरा हाय का?"

तोही आत गेला.

"कमळीला सायन्सला घालू का?" गेला. "नको घालू का?" गेला. "बळवंतच्या होडीला शिंगं हायत का?" गेला! आता पोरं हसायला लागली. मागची एक म्हातारी म्हणाली, "माज्याकडचा बी कापूस घे गं," आणि बळवंत नाखवासुद्धा मिशीतल्या मिशीत हसला, मग आठवण होऊन थांबला.

"आई सकाळपासून कशालाबी हो म्हंते," रंभाबाई म्हणाली. "का? तर आठम हाय आज. सुकती लागलीय. बाराला सुकती पुरी, वर दोन घटका. एकच्या आत हिचा श्वास थांबंल. मग भरती लागली की कशालाबी नाय म्हनंल. ज्याला खातरी करायची त्याने जेवून या. मास्तर, पुडचं तुमी सांगा."

मी घरून तुपाचा रिकामा डबा आणला होता. तळ कापलेला, झाकणाला खिळ्याने भोक पाडलेलं. तो उभा धरून पाण्याच्या घमेल्यात दाबला आणि भोकाजवळ पहिल्या रांगेतल्या बायकांना गाल धरायला लावला. डबा खाली दाबला की आत पाणी चढे आणि वारा बाहेर. डबा उचलला की पाणी उतरे आणि वारा आत.

"हीच बावदेवी," मी म्हणालो. "खाडीची भरती खडकातल्या फटींतून जोर लावते, बावेतलं पाणी वर येतं. वर लादी, त्यामुळे हवेला जायला वाट फक्त या पाइपाची. एवढ्या मोठ्या बावेतली हवा एवढ्याशा तोंडातून निघते, म्हणून वारा जाणवतो. पाणी उतरलं की तीच हवा आत ओढली जाते. यात कोणी बोलत नाही. बाबा फक्त ठरवतात की तुम्हाला कुठल्या वेळी बोलवायचं."

"मी हिमालयात बारा वर्षं तप केलंय!" बाबा ओरडले.

"हिमालयात भरतीचं गनित कोन शिकवतो?" रंभाबाईने विचारलं. "पंचांगात तिथीपुडं पेन्शिलीने काय मांडलंय, ते वाच बगू मोट्याने."

बाबांनी पंचांग मिटलं. ठकीने ते पुन्हा उघडून वाचलं. प्रत्येक तिथीपुढे पाऊणपट आकडा होता आणि त्यापुढे दोन घटका मिळवलेल्या. हिशोब माझ्यापेक्षा चोख होता, हे मी मान्य करतो.

मायलेकी एसटीकडे धावल्या. मी गर्दीबरोबर थांबलो. पाऊणला कापूस पाइपावर नुसता पडून राहिला, हलेना. दीडला तो उडाला. तोवर बाबा "गंगास्नानाला" निघून गेले होते. व्याघ्रचर्म न्यायला विसरले, बोंबील मात्र विसरले नाहीत.

चारच्या एसटीने मायलेकी परतल्या. कमळीच्या हातात कॉलेजची पावती होती आणि ती सारखी उघडून पाहत होती. मी चष्मा पुसण्याचं नाटक केलं. नाखवीणबाईने मात्र शेवटचा खडा टाकलाच. "सकाळी आईनेच हो म्हटलं ना, मंग काय, घातलीस शेवटी."

"आई कधी बोललीच नाय," रंभाबाई म्हणाली. "मी हो म्हटलं."

वाचकहो, माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या लेकीबाळींच्या आयुष्याचा प्रश्न कोणी एखाद्या नळीला, नारळाला किंवा अंगात आलेल्या बाईला विचारायला सांगितला, तर तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा. सकाळी विचारलात तर दुपारीही विचारा. मास्तरांनी सांगितलेलंही तसंच तपासून घ्या, कारण मास्तरही भाषण देऊन चुकतात. आणि सरळ-उलट दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आलं, किंवा वेळ बदलली की उत्तर बदललं, तर समजा की तिथे उत्तर देणारं कोणी नाही. मग आपलं डोकं वापरा आणि एसटी चुकवू नका.